हमोंग भाषेतला ‘आणि’

‘नि धिया छॉ केंग.’ हमोंग भाषेतलं हे चार शब्दांचं वाक्य. ‘नि’ म्हणजे तो किंवा ती, ‘धिया’ म्हणजे नाचणे, ‘छॉ’ म्हणजे फुंकून वाजवणे आणि ‘केंग’ हे बांबूच्या सहा नळ्यांचं हमोंग लोकांचं वाद्य. तो केंग वाजवत नाचतो, असा त्याचा अर्थ. नाचणे आणि वाजवणे ही दोन क्रियापदं इथे शेजारीशेजारी उभी आहेत आणि त्यांना जोडणारं मध्ये काहीच नाही.

आता दुसरं वाक्य घ्या. ‘नि धिया म्लॉंग न्गाउ.’ ‘म्लॉंग’ म्हणजे ऐकणे, ‘न्गाउ’ म्हणजे गाणं. तो गाणं ऐकत नाचतो, असं म्हणायचं आहे. रचना हुबेहूब पहिल्या वाक्यासारखी, तरी हमोंग माणसाच्या कानाला ती खटकते. त्याला या दोन क्रियापदांच्या मध्ये ‘थिया’ हा शब्द हवा असतो. ‘नि धिया थिया म्लॉंग न्गाउ’ म्हटलं की वाक्य सुधारतं. ‘थिया’ म्हणजे आपला ‘आणि’.

ही दोन वाक्यं शेजारी ठेवली ती नेरिडा जार्की या ऑस्ट्रेलियातल्या भाषाभ्यासक बाईंनी. हमोंग क्रियापदांच्या साखळ्यांवर त्यांनी १९९१ साली सिडनी विद्यापीठात प्रबंध सादर केला आणि २०१५ मध्ये त्याच विषयावर त्यांचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं की, क्रियापदं मध्ये काही न घालता एकामागोमाग ठेवता येतात ती बोलणाऱ्याला ती सगळी मिळून एकच घटना वाटत असेल तेव्हा. केंग उभ्याने, एका जागी थांबून वाजवण्याची रीत नाही. वाजवणारा वाकतो, गिरक्या घेतो, पावलं टाकत गोल फिरतो आणि फुंकरही चालू ठेवतो. त्याचं नाचणं हा वाजवण्याचाच भाग असतो. लेझीम खेळणाऱ्याबद्दल ‘तो नाचतो आणि लेझीम वाजवतो’ असं आपण कधी म्हणत नाही, तसंच हे. गाणं ऐकणं मात्र नाचण्याहून वेगळं काम आहे. दोन्ही एकाच वेळी घडली तरी ती दोनच राहतात आणि दोन गोष्टी म्हटल्या की जोडायला शब्द लागतो.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. शाळेत आपण उभयान्वयी अव्ययं शिकतो ती यादी म्हणून: आणि, व, परंतु, किंवा, म्हणून. कुठला शब्द कुठे घालायचा, इतकाच प्रश्न तिथे असतो. हमोंग भाषा त्याआधीचा एक प्रश्न विचारते. या दोन गोष्टी मुळात दोन आहेत का? त्याचं उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात मिळत नाही. केंग कसं वाजवतात हे ज्याने पाहिलंय त्यालाच ते ठाऊक असतं.

हमोंग लोक मूळचे दक्षिण चीनच्या डोंगरांतले. क्वेइचौ, युन्नान, सिचुआन या प्रांतांत ते आजही मोठ्या संख्येने आहेत. चिनी सरकारी वर्गवारीत त्यांची गणना ‘म्याव’ या मोठ्या गटात होते. गेल्या दोनेकशे वर्षांत त्यांच्यातले बरेच जण दक्षिणेला व्हिएतनाम, लाओस आणि थायलंडच्या डोंगराळ भागात उतरले. लाओसमधल्या युद्धात अनेक हमोंग अमेरिकेच्या बाजूने लढले. १९७५ मध्ये तिथे कम्युनिस्टांची सत्ता आली आणि हजारो कुटुंबं मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांत पोचली. तिथून काही फ्रान्सला, काही फ्रेंच गयानाला, काही ऑस्ट्रेलियाला आणि सर्वांत जास्त अमेरिकेला गेली. आज अमेरिकेत साडेतीन लाखांच्या आसपास हमोंग आहेत. मिनेसोटातलं सेंट पॉल आणि कॅलिफोर्नियातलं फ्रेझ्नो ही त्यांची मोठी ठिकाणं. टोकियो ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सचं वैयक्तिक सर्वंकष सुवर्णपदक जिंकणारी सुनीसा ली ही सेंट पॉलच्या हमोंग घरातली मुलगी.

त्यांची भाषा हमोंग-मिएन कुळातली. चिनीशी तिचं कुळाचं नातं नाही, थाई-लाओशीही नाही. शेजार मात्र सगळ्यांचा शतकानुशतकांचा आहे. तिच्या अनेक बोली आहेत. परदेशी गेलेल्या लोकांत ‘पांढरे हमोंग’ आणि ‘हिरवे हमोंग’ या दोन बोली मुख्य, आणि ही नावं स्त्रियांच्या पोशाखाशी जोडलेली आहेत. या लेखातली उदाहरणं पांढऱ्या हमोंगची आहेत. हिरव्या बोलीत ‘थिया’ला ‘हा’ म्हणतात, इतका फरक पडतो.

या भाषेत क्रियापद बदलत नाही. ‘मू’ म्हणजे जाणे. मी जातो, ती गेली, आम्ही जाऊ, ते गेले असते, सगळीकडे ‘मू’च. आपल्याकडे ‘जाऊन’, ‘जाताना’, ‘गेल्यावर’, ‘जायला’, ‘गेला तर’ ही रूपं क्रियापदालाच चिकटलेली असतात आणि वाक्यं जोडण्याचं बरंचसं काम तीच करतात. ‘तो घरी जाऊन जेवला’ या वाक्यात ‘आणि’ नाही, पण ‘ऊन’ आहे. हमोंगमध्ये ‘ऊन’ही नाही. ‘नि मू नॉ मॉ’, म्हणजे शब्दश: तो जाणे खाणे भात. तो जेवायला जातो. एवढ्या मोकळ्या अंगाच्या भाषेत जोडणीचा सगळा भार दोन गोष्टींवर येतो, शब्दांचा क्रम आणि जोडशब्द. म्हणून हे छोटे शब्द तिथे फार कामाचे.

पण त्यांच्यापर्यंत पोचण्याआधी सुरांशी गाठ पडते. हमोंग ही सुरांची भाषा आहे. एकच अक्षर वेगवेगळ्या सुरात उच्चारलं की वेगळा शब्द होतो आणि पांढऱ्या हमोंगमध्ये असे सात सूर मानतात. देवनागरीत मी ‘थिया’ लिहितो तेव्हा एक मोठी गोष्ट हरवते. उंच आणि सपाट सुरातला ‘थिया’ म्हणजे ‘आणि’. उंचावरून खाली घसरणाऱ्या सुरातला ‘थिया’ म्हणजे ‘तेव्हा कुठे’, ‘तरच’, ‘म्हणून मग’. दोन्ही जोडशब्द आणि दोन्ही रोजच्या बोलण्यातले. फरक केवळ आवाज सपाट राहतो की उतरतो एवढाच.

रोमन लिपीत हा फरक दाखवण्याची एक सुरेख युक्ती आहे. १९५१ ते १९५३ या काळात लाओसमध्ये लिनवुड बार्नी आणि विल्यम स्मॉली हे दोन अमेरिकन प्रोटेस्टंट आणि ईव्ह बेर्त्रे हा फ्रेंच कॅथलिक धर्मप्रसारक यांनी हमोंगसाठी एक रोमन लेखनपद्धती तयार केली. सुरांसाठी अक्षरांच्या डोक्यावर खुणा देण्याऐवजी त्यांनी शब्दाच्या शेवटी एक व्यंजन लिहायचं ठरवलं. हमोंग शब्दांच्या शेवटी ‘ङ’सारख्या अनुनासिकाखेरीज व्यंजन येत नाही आणि अनुनासिक त्यांनी स्वर दुहेरी लिहून दाखवला, त्यामुळे शेवटची जागा रिकामीच होती. ‘बी’ आलं की सूर उंच आणि सपाट, ‘जे’ आलं की उंचावरून घसरता, ‘एस’ आलं की खालचा. ही अक्षरं उच्चारायची नसतात. ‘आणि’वाल्या ‘थिया’च्या शेवटी ‘बी’ लागतं आणि ‘तेव्हा कुठे’वाल्या ‘थिया’च्या शेवटी ‘जे’. साध्या टाइपरायटरवर लिहिता येईल अशी ही सोय होती आणि पुढे मोबाइलवरही तीच उपयोगी पडली.

१९५९ मध्ये शाँग लू यांग नावाच्या एका निरक्षर शेतकऱ्याने हमोंगसाठी ‘पाहाउ’ नावाची स्वतंत्र लिपी निर्माण केली, तिचाही इथे उल्लेख करायला हवा. ज्याला लिहिता-वाचता येत नव्हतं अशा माणसाने एका भाषेचे सगळे ध्वनी आणि सगळे सूर वेगळे काढून त्यांना चिन्हं दिली, हे जगाच्या लिपींच्या इतिहासात विलक्षण आहे. या लिपीत स्वराचं चिन्ह आधी लिहितात आणि व्यंजनाचं नंतर, वाचताना मात्र व्यंजन आधी येतं. ‘कि’ लिहिताना आपलीही पहिली वेलांटी ‘क’च्या आधी पडते, त्यामुळे मराठी वाचकाला यात फारसं नवल वाटू नये. १९७१ मध्ये शाँग लू यांगचा खून झाला. त्याची लिपी अजूनही काही जण वापरतात.

आता त्या घसरत्या सुराच्या ‘थिया’कडे वळू. हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला बसत नाही. कर्ता आला की त्याच्यानंतर आणि क्रियापदाच्या आधी त्याची जागा. ‘कॉ मू, कू थिया मू.’ तू जा, मी तेव्हा जाणे. मराठीत याचं भाषांतर ‘तू गेलास तरच मी जाईन’ असं होईल. ‘जर’ नाही, ‘तर’ नाही, क्रियापदांची रूपंही नाहीत. दुसऱ्या वाक्याच्या पोटात बसलेला हा एक शब्द मागच्या वाक्याकडे बोट दाखवतो आणि सांगतो की ते घडलं म्हणून हे घडतंय. कारण सांगतानाही तो येतो. ‘वी’ म्हणजे कारण, ‘मॉ’ म्हणजे आजारी असणे, ‘ची’ म्हणजे नाही. ‘वी कू मॉ, कू थिया ची मू.’ मी आजारी आहे म्हणून जात नाही. ‘वी’ने कारण उघडायचं आणि ‘थिया’ने परिणामाला गाठ मारायची. ‘वी’ गाळलं तरी चालतं, गाठ शाबूत राहते. माझ्या मते हमोंगचे जोडशब्द शिकणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ द्यावा तो या शब्दाला. परक्या माणसाचा ‘आणि’ लवकर जमतो. त्याच्या बोलण्यात हा ‘थिया’ योग्य जागी येऊ लागला की त्याला वाक्य कळलं असं समजावं.

सुरामुळे होणारी आणखी एक गमतीची जोडी आहे. ‘कॉ’ हा उंचावरून घसरता उच्चारला की ‘तू’. तोच खालच्या सुरात, घशात अडकवून तोडल्यासारखा उच्चारला की ‘कॉ’ म्हणजे ‘असं व्हावं म्हणून’. ‘कू हाइ कॉ कॉ मू’, मी तुला जायला सांगतो. ‘हाइ’ म्हणजे बोलणे. देवनागरीत दोन ‘कॉ’ जुळ्यांसारखे दिसतात, हमोंग कानाला मात्र ते मुळीच सारखे नाहीत. पहिला जोडशब्द, दुसरा माणूस.

हा जोडशब्द ‘कॉ’ आणि त्याच्यासमोरचा ‘तिया’ यांची वाटणी मला सगळ्या हमोंग व्याकरणात सर्वांत सुंदर वाटते. ‘सा’ हे क्रियापद घ्या. विचार करणे, वाटणे, मनात असणे असा त्याचा अर्थ. ‘कू सा तिया नि मू’, म्हणजे तो गेला असं मला वाटतं. ‘कू सा कॉ नि मू’, म्हणजे त्याने जावं असं मला वाटतं. दोन्ही वाक्यांत क्रियापद एकच, कर्ता एकच, शेवटचं ‘मू’ही तेच. बदलतो तो मधला शब्द आणि त्याबरोबर सगळंच बदलतं. ‘तिया’ आला की पुढची गोष्ट जगातली, घडलेली किंवा घडत असलेली. ‘कॉ’ आला की ती अजून मनातली, हवीशी, दुसऱ्याकडून अपेक्षित असलेली.

मराठी वाचकाला हे जवळचं वाटावं, कारण आपणही दोन्हीकडे ‘वाटतं’च म्हणतो. फरक आपण क्रियापदाच्या अंगावर करतो. ‘गेला’ आणि ‘जावं’ ही दोन रूपं आपल्याकडे आहेत, म्हणून ‘असं’ हा एकच शब्द दोन्हीकडे पुरतो. हमोंगचं क्रियापद हलत नाही, म्हणून तिथे जोडशब्द दोन झाले. सांगणे या क्रियापदाचंही तसंच. ‘हाइ तिया’ म्हणजे अमुक घडलं असं सांगणे, ‘हाइ कॉ’ म्हणजे अमुक कर असं सांगणे. निरोप आणि आज्ञा यांतला फरक त्या एका अक्षरावर उभा आहे. ‘कॉ’ स्वतंत्र क्रियापद म्हणूनही येतो. ‘कू कॉ नि मू’, मी त्याला जायला सांगितलं. दुसऱ्याकडून काही करवून घेण्याचा अर्थ त्याच्या अंगी आहे आणि जोडशब्द झाल्यावरही तो सुटत नाही.

‘हाइ तिया’ ही जोडी मराठी माणसाने जरा थांबून पाहावी. ‘हाइ’ म्हणजे बोलणे, ‘तिया’ पुढचं म्हणणं उघडतो. मुळात ही बोललेलं सांगण्याची रीत. पण ती तिथे थांबत नाही. कळणे, वाटणे, भीती वाटणे अशा क्रियापदांनंतरही ‘हाइ तिया’ येतो, जिथे कोणी तोंडाने काही बोललेलं नसतं. आणि त्याच्याआधी ‘यॉ’, म्हणजे ‘असणे’ हा शब्द ठेवला की ‘यॉ हाइ तिया’ म्हणजे ‘जर’. ‘यॉ हाइ तिया कॉ मू, कू थिया मू’, जर तू गेलास तर मी जाईन. शब्दश: असं म्हणणं असेल की तू जाणार, तर मी. बोलण्याचं क्रियापद असं हळूहळू झिजत जाऊन अट घालणारा शब्द झालं.

आपल्याकडे हेच घडलं आहे, फक्त आपण ते विसरलो आहोत. ‘पाऊस आला म्हणून थांबलो’ म्हणताना कोणीही काहीही ‘म्हणत’ नसतं. ‘म्हणणे’चं ‘म्हणून’ हे रूप कारण दाखवणारं अव्यय झालं. ‘म्हणजे’ तर अर्थ सांगण्याचं मराठीतलं मुख्य साधन. ‘गणपत म्हणून एक मुलगा होता’ यातही तोच शब्द. कन्नड आणि तेलुगूतही म्हणण्याच्या क्रियापदापासून झालेले असेच जोडशब्द आहेत आणि भारतीय भाषांच्या परस्पर प्रभावाचा अभ्यास करणाऱ्यांनी याकडे पूर्वीपासून लक्ष वेधलं आहे. हमोंगचा आणि आपला कुळाने किंवा शेजाराने काहीही संबंध नाही. तरी दोन्हीकडे बोलण्याचं क्रियापद कारण-अटींपर्यंत पोचलं. पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक भाषांतही ते तसंच पोचलं आहे. मनातलं सांगायचं तर ते बोलल्यासारखं सांगायचं, ही वाट माणसांना ठिकठिकाणी सापडलेली दिसते.

आपला ‘आणि’ फार मोठा संसार सांभाळतो हे हमोंगकडे पाहिलं की जाणवतं. ‘मी आणि तू’, ‘तो आला आणि बसला’, ‘मी बरी आहे, आणि तू?’ या तिन्ही ठिकाणी आपण ‘आणि’च वापरतो. हमोंगमध्ये ती तीन कामं तीन शब्दांची आहेत.

माणसं, वस्तू जोडायच्या तर ‘थिया’. ‘कू थिया कॉ’, मी आणि तू. हाच ‘थिया’ वाक्याच्या अगदी शेवटी आला की ‘सुद्धा’ होतो. ‘कू मू थिया’, मीही जातो.

एकामागून एक घडणाऱ्या गोष्टी सांगायच्या तर ‘चे’. ‘लाउ नॉ मॉ ता, चे लाउ मू पि.’ ते जेवले, मग झोपायला गेले. ‘ता’ म्हणजे संपणे. हमोंग लोककथा ऐकताना सर्वांत जास्त कानावर पडणारा शब्द बहुधा हाच. ‘पुआ थाउ ऊ’, म्हणजे फार फार पूर्वी, असं म्हणून कथा सुरू होते आणि मग ‘चे’वर ‘चे’ येत राहतात. कथाकार पुष्कळदा आधीच्या वाक्याचं शेपूट पुढच्या वाक्याच्या तोंडी धरतो. तो डोंगरावर चढला. डोंगरावर चढून झालं, चे त्याला एक घर दिसलं. घर दिसलं, चे तो आत गेला. ही पद्धत आपल्या आजीच्या गोष्टींतही होती. ऐकणाऱ्याला धागा धरून ठेवायला ती मदत करते आणि सांगणाऱ्याला पुढचं आठवायला क्षणभर वेळ देते. हमोंगचं जवळजवळ सगळं वाङ्मय विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तोंडी होतं. गोष्टी, लग्नातली बोलणी, मृताच्या आत्म्याला वाट दाखवणारी दीर्घ गीतं, सगळं पाठ करून पुढे दिलं जायचं. तोंडी भाषेत ‘चे’सारखा शब्द फार उपयोगाचा. तो वाक्यं जोडतो, शिवाय ‘अजून ऐका’ असंही सांगतो. त्याच्याच जोडीला ‘ए’ हा आणखी हलका शब्द येतो, श्वासाच्या जागी येणारा आणि पुढचं वाक्य ओढून आणणारा.

तिसरं काम बोट दुसरीकडे वळवण्याचं. त्याला ‘हॉ’. हमोंग माणसाला ‘न्यॉ झॉंग’ म्हटलं की तो ‘न्यॉ झॉंग, हॉ कॉ ने?’ म्हणू शकतो. मी बरा आहे, आणि तू? इथे ‘थिया’ चालणार नाही. आपण मी आणि तू यांना एकत्र बांधत नसतो, माझ्यावरची नजर काढून तुझ्यावर टाकत असतो. वर्णनात एकाचं सांगून झालं की दुसऱ्याचं सांगताना हाच ‘हॉ’ येतो. आपला ‘तर’, ‘मात्र’, ‘इकडे’ यांच्या जवळचा.

‘किंवा’साठी ‘लॉ शी’ आणि ‘लॉ यॉ’ आहेत, पण बोलण्यात नुसता ‘लॉ’ही पुरतो. ‘कॉ मू लॉ ची मू?’ जातोस की नाही जात? याच उच्चाराचा, याच सुराचा ‘लॉ’ म्हणजे येणे. आणि ‘तरी’ दाखवतानाही ‘लॉ’च येतो. त्यामुळे असं वाक्य तयार होतं: ‘त्साउ लॉ ना लॉ, कू युआ मू.’ ‘ना’ म्हणजे पाऊस, ‘युआ’ पुढे होणाऱ्या गोष्टीची खूण. पाऊस आला तरी मी जाणार. पहिला ‘लॉ’ पावसाचं येणं, दुसरा ‘लॉ’ ते ‘तरी’. पाऊस त्यांच्याकडेही येतोच. ‘त्साउ’ने सवलत उघडायची आणि ‘लॉ’ने ती बंद करायची. ‘जरी-तरी’सारखीच ही दोन कड्यांची जोडणी आहे.

‘पण’साठी ‘ता शी’ किंवा ‘तिया शी’. चिनी भाषेत ‘पण’ला ‘तानशर’च्या जवळपास उच्चार आहे आणि ‘तिया शी’शी त्याचं साम्य लपत नाही. जगातल्या भाषांनी एकमेकींकडून जोडशब्द कसे घेतले याचा अभ्यास यारॉन माट्रास यांनी केला. १९९८ मध्ये त्यांनी मांडलं की, उसना घेतलेला पहिला शब्द सहसा ‘पण’चा असतो, नंतर ‘किंवा’चा आणि सर्वांत शेवटी ‘आणि’चा. दोन भाषा बोलणारा माणूस सतत एक भाषा बाजूला दाबून दुसरी बोलत असतो. ऐकणाऱ्याची अपेक्षा मोडून वेगळं काही सांगायचं असतं त्या क्षणी बोलणाऱ्यावर ताण सर्वांत जास्त, आणि तिथेच दाबलेली भाषा निसटून वर येते. हे वाचलं की आपल्या घरातली मुलं आठवतात. अस्सल मराठी वाक्य बोलता बोलता त्यांचा ‘बट’ आणि ‘सो’ येतो, ‘अँड’ त्या मानाने कमी येतो. मराठीने जुन्या काळी फारसीकडूनही असंच घेतलं. आपला ‘व’ तिकडून आला असं मानतात, आणि ‘की’बद्दलही तेच सांगितलं जातं. त्यामुळे अमेरिकेत वाढणारी हमोंग मुलं बोलताना मधेच इंग्रजी जोडशब्द वापरत असतील तर त्यात भाषेचा अंत पाहण्याचं कारण नाही. चिनीच्या शेजारात राहूनही ही भाषा टिकलीच.

काळजी करावीशी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. जिथे जोडशब्द नसणं हीच रीत आहे, तिथे मुलं इंग्रजीच्या सवयीने ‘थिया’ घालू लागली तर वाक्य चुकत नाही, पण घटना दोन होतात. केंग वाजवणारा नाचतो ‘आणि’ वाजवतो असं म्हणणाऱ्याला केंग दुरून माहीत आहे, असं जुन्या माणसाला वाटू शकतं.

न जोडता जोडण्याची ही कला नामांतही आहे. ‘निया’ म्हणजे आई, ‘त्सी’ म्हणजे वडील आणि ‘निया त्सी’ म्हणजे आईवडील. आपला द्वंद्व समासच. ‘कि ती’, लहान भाऊ-मोठा भाऊ, म्हणजे आपल्या कुळातले भाऊबंद. अशा जोड्यांत कोणता शब्द आधी यावा हे केवळ मानावर किंवा वयावर ठरत नाही. डेव्हिड मॉर्टेन्सन या अभ्यासकाने दाखवलं आहे की त्यात शब्दांच्या सुरांचा हात असतो.

त्याहून मोठी रचना चार अक्षरांची. ‘उआ’ म्हणजे करणे, ‘लिया’ म्हणजे पाण्याचं भातखाचर, ‘ते’ म्हणजे डोंगरउतारावरची कोरडी शेती. ‘उआ लिया उआ ते’, खाचर करणे, वरकस करणे, म्हणजे शेती करणे. क्रियापद दोनदा म्हणायचं, नामं दोन वेगळी घ्यायची आणि मध्ये काही घालायचं नाही. हमोंग भाषेत अशा शेकडो चौकड्या आहेत. लग्नाच्या बोलणीत दोन्हीकडचे मध्यस्थ, ज्यांना ‘मे कॉंग’ म्हणतात, ते त्यांच्या आधारे बोलतात, वडीलधारे आशीर्वाद देताना त्याच वापरतात. साधं बोलणं आणि भारदस्त बोलणं यांतला फरक तिथे मोठ्या शब्दांनी होत नाही. एका गोष्टीची दोन अंगं जोडशब्दाविना समोरासमोर ठेवली की बोलण्याला वजन येतं. अशा सजवलेल्या बोलण्याला ‘पा लू’ म्हणतात. ‘पा’ म्हणजे फूल.

या चौकड्यांमधली एक अशी: ‘नॉ का हाउ हू’. ‘नॉ’ खाणे, ‘का’ चविष्ट, ‘हाउ’ पिणे, ‘हू’ स्वच्छ. खाणं रुचकर, पिणं स्वच्छ. कोणाचं बरं चिंतायचं तर हे शब्द म्हणतात. निर्वासित अमेरिकेत पोचले, दवाखान्यांना आणि सरकारी खात्यांना त्यांच्या भाषेत माहिती द्यावी लागली, तेव्हा ‘आरोग्य’ या अर्थी हीच चौकडी छापली जाऊ लागली. तिच्याआधी ‘के’ लावायचा, म्हणजे वाट किंवा रीत, की नाम तयार. आज मिनेसोटा राज्याच्या आरोग्य खात्याच्या हमोंग नावातही हेच चार शब्द आहेत, मध्ये एकही ‘थिया’ न घालता.